साहेबांच्या नोकरीच्या अटी : विचारलं कुणाला, भरलं कुणी?



आपल्या गावाच्या नावापुढं 'प्रवरा' लावावं लागतं, कारण दुसरी देवळाली नाशिकजवळ आहे. तिथं इंग्रजांनी लष्करी छावणी उभारली होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथं आठवडेच्या आठवडे पडून असायचे. वाट बघून बघून काहींचं डोकं फिरायचं, आणि त्यातूनच इंग्रजीत 'डूलॅली' असा एक शब्द रूढ झाला. वेडा झाला, या अर्थाचा. म्हणजे देवळाली हे नाव इंग्रजांच्या शब्दकोशात गेलं ते घरी जायला उतावीळ झालेल्या माणसांमुळे.

आज बोलायचं आहे ते त्या शिपायांबद्दल नाही, त्यांच्या वरच्या साहेबांबद्दल. सातासमुद्रापलीकडून येऊन इथं कलेक्टर, जज्ज, पोलीस सुपरिंटेंडेंट म्हणून नोकरी करणारे मुलकी अधिकारी. त्यांच्या नोकरीच्या अटी, म्हणजे पगार, रजा, पेन्शन, बोटीचं भाडं, वेळोवेळी बदलल्या. त्या बदलताना त्यांना विचारलं गेलं का? कसं विचारलं? आणि ज्यांच्या शेतसाऱ्यातून हे सगळं जायचं, त्या राहुरी तालुक्यातल्या रयतेला कुणी विचारलं का? विषय कोरडा वाटेल. पण आपल्याकडे लग्नकार्यात जेवणापेक्षा 'मला विचारलं नाही' यावरून जास्त रुसवे होतात. विचारणं हा मान आहे, आणि मान कुणाला मिळतो यावरून सत्ता कुणाकडे आहे ते कळतं. आजचं व्याख्यान एवढ्या एका गोष्टीवर आहे.

पहिल्यांदा या नोकरीचं स्वरूप समजून घेऊ. कंपनीच्या काळापासून वरच्या मुलकी नोकरांना एका करारपत्रावर सही करावी लागे. इंग्रजीत त्याला कव्हेनंट म्हणत, म्हणून ही 'कव्हेनंटेड' सेवा. १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर ती पास झाले. ते पहिले हिंदी आय. सी. एस. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ साली साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. पण असे अपवाद मोजके. बाकी सगळी सेवा गोरी.

आता करार म्हटला की दोन बाजू आल्या. एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला भारतमंत्री. भारतमंत्री बसणार लंडनला. पैसे मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून. बघा, करारावर सह्या दोघांच्या आणि बिल तिसऱ्याच्या नावावर. हा तिसरा माणूस आपण आज लक्षात ठेवायचा आहे.

पेन्शनचं उदाहरण घेऊ. आय. सी. एस. अधिकाऱ्याला पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर वर्षाला १,००० पौंड पेन्शन ठरलेलं होतं. पौंडात, रुपयात नाही. रुपया दोन शिलिंगांचा होता तेव्हा या १,००० पौंडांसाठी आपल्या तिजोरीतून १०,००० रुपये जायचे. पुढं चांदी घसरली, रुपया घसरला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुपया एक शिलिंग चार पेनीवर स्थिर केला गेला. तेच १,००० पौंड आता १५,००० रुपयांना पडू लागले. साहेबाच्या पेन्शनमध्ये एक पौंडही वाढ झाली नाही, पण ते भरणाऱ्याच्या डोक्यावर दीडपट ओझं आलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. करार पौंडात होता, बस्स.

पेन्शन पौंडात, पण नोकरीत असतानाचा पगार रुपयात होता. तिथं रुपया घसरल्याची झळ साहेबाला बसायची. बायको-मुलं विलायतेत, शाळेची फी तिकडं, घरभाडं तिकडं. १८९२-९३ च्या सुमारास रुपयाला जेमतेम पंधरा पेनी मिळायला लागले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी अर्ज केले, निवेदनं दिली, लंडनमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांकडून शब्द टाकला. त्यांची अडचण खोटी होती असं मी म्हणणार नाही. महिन्याचा पगार हातात पडल्यावर निम्मा घरी पाठवणारा माणूस आपण मुंबईच्या गिरणीत पाहिला आहे, आखातात गेलेल्या आपल्या पोरांत पाहतो. परदेशात नोकरी करणाऱ्याचा जीव चलनाच्या दरात अडकलेला असतो.

सरकारनं ऐकलं. १८९३ साली 'एक्स्चेंज कॉम्पेन्सेशन अलाउन्स' सुरू झाला, म्हणजे हुंडणावळीच्या नुकसानीची भरपाई. निम्म्या पगारापर्यंत, वर्षाला १,००० पौंडांची मर्यादा ठेवून, रुपयाला अठरा पेनी धरून हिशोब करायचा आणि बाजारभावातला फरक सरकारनं भरायचा. हा भत्ता ज्यांचं कायमचं घर हिंदुस्थानात नाही, अशा युरोपियन आणि युरेशियन नोकरांसाठी. त्याच कचेरीत, त्याच दर्जाचं काम करणाऱ्या हिंदी माणसाला तो नाही. राष्ट्रीय सभेनं या भत्त्याविरुद्ध ठराव केले. आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढं साक्ष देताना आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच भत्त्यावर बोट ठेवलं. वय होतं तीस-एकतीस. फर्ग्युसन कॉलेजातला प्राध्यापक. त्यांच्या साक्षीचा गाभा असा होता की खर्च कुणासाठी होतो आणि खर्चावर ताबा कुणाचा आहे, हे दोन प्रश्न वेगळे करताच येत नाहीत. ज्यांच्या पैशानं राज्य चालतं त्यांचा आवाज खर्च ठरवताना नसेल, तर खर्च नेहमी ज्यांचा आवाज आहे त्यांच्या बाजूनंच झुकणार.

आणि हे १८९७ साल कोणतं? नगर जिल्ह्यात दुष्काळ होता. १८९६-९७ चा. दोनच वर्षांनी, १८९९-१९०० ला, त्याहून मोठा आला. रस्त्यावर आणि तळ्यांवर खडी फोडायची कामं निघाली होती. एकीकडे हुंडणावळीचा भत्ता, दुसरीकडे दुष्काळी कामावरची मजुरी. दोन्ही एकाच सरकारच्या वहीत.

इथं कुणी म्हणेल, रयतेला कधीच विचारलं नाही असं कसं म्हणता? बरोबर आहे. एकदा विचारलं होतं, आणि ते आपल्याच भागात. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा झाला. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. लोण नगर जिल्ह्यात पसरलं. पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या बाजूच्या गावांत सावकारांच्या दारात माणसं जमली. मग सरकारनं दख्खन दंगे चौकशी आयोग नेमला. आयोगानं गावोगावची माहिती काढली, शेतकऱ्यांचे जबाब घेतले, कर्जाचे हिशोब मांडले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. म्हणजे रयतेलाही विचारलं. पण दप्तरं जळल्यावर. साहेबाला विचारायला अर्ज पुरला, शेतकऱ्याला विचारायला दंगा लागला. हा फरक मनात ठेवा, पुढं तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता विसाव्या शतकात येऊ. १९१२ साली लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी नोकऱ्यांवर रॉयल कमिशन नेमलं. त्यावर दोन मराठी माणसं होती : गोखले स्वतः आणि महादेव भास्कर चौबळ. पुढं इंग्लंडचे पंतप्रधान झालेले रॅम्से मॅकडोनल्डही सभासद होते. कमिशन देशभर फिरलं. खात्याखात्याचे अधिकारी आले, लेखी निवेदनं दिली, उलटतपासणी झाली. पगार, बढती, रजा, पेन्शन, सगळ्यावर. आणि त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गोखले बसलेले. पंधरा वर्षांपूर्वी जो साक्षीदार होता तो आता प्रश्न विचारणारा झाला होता. केवढा बदल! पण मधुमेहानं खंगलेले गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला गेले. अहवाल महायुद्धात अडकला आणि १९१७ च्या जानेवारीत छापला गेला. तोपर्यंत महागाईनं त्यातले आकडे शिळे करून टाकले होते.

खरी गंमत यानंतर सुरू होते. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या. प्रांतात शिक्षण, आरोग्य, शेती अशी काही खाती हिंदी मंत्र्यांकडे गेली. म्हणजे कालपर्यंत ज्यांना साहेब खुर्ची द्यायची की नाही ते ठरवत होता, त्यांच्या हाताखाली आता साहेबानं काम करायचं. मग काही अधिकारी म्हणाले, आम्ही या अटीवर नोकरी पत्करली नव्हती. सरकारनं त्यांना पर्याय दिला. १९२० पूर्वी भरती झालेल्या अखिल भारतीय सेवांमधल्या अधिकाऱ्यांना नव्या व्यवस्थेत काम करायचं नसेल, तर मुदतीआधी निवृत्त व्हा. जितकी नोकरी झाली त्या प्रमाणात पेन्शन घ्या. याला 'प्रोपोर्शनेट पेन्शन' म्हणत. १९२४ पर्यंत तीनशेहून अधिक अधिकाऱ्यांनी हा रस्ता धरला.

जरा थांबून विचार करा. राज्यकारभाराची पद्धत बदलली म्हणून नोकराला 'तुला हे पटतंय का, नसेल तर सन्मानानं जा' असं विचारणारं सरकार. आजच्या कुठल्याही कर्मचाऱ्याला हेवा वाटावा अशी ही वागणूक. मी ती चुकीची मानत नाही. नोकरीच्या अटी मधेच बदलल्या तर माणसाला विचारलंच पाहिजे. माझा मुद्दा पुढचा आहे.

१९२२ च्या मे महिन्यात भारत सरकारच्या गृहखात्यानं प्रांतिक सरकारांना एक परिपत्रक पाठवलं. ओडोनेल परिपत्रक म्हणून ते ओळखलं जातं. वरच्या सेवांमध्ये हिंदी माणसं किती वेगानं घ्यायची, गोऱ्यांची भरती कमी करायची का, यावर मतं मागवली होती. गोऱ्या अधिकाऱ्यांत खळबळ उडाली. २ ऑगस्ट १९२२ ला पंतप्रधान लॉइड जॉर्ज पार्लमेंटमध्ये उभे राहिले आणि या सेवेला त्यांनी राज्याच्या इमारतीची 'पोलादी चौकट' म्हटलं. आपण वर्तमानपत्रात आजही वापरतो तो शब्द त्या दिवशीचा. पुढच्या वर्षी, १९२३ ला, लॉर्ड ली यांचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. फक्त वरच्या सेवांसाठी. नऊ सभासद, त्यात चार हिंदी. त्यांतले एक आपल्या मुंबईचे एन. एम. समर्थ.

ली कमिशननं काय केलं? सेवांच्या संघटनांकडून निवेदनं घेतली, शेकडो साक्षी घेतल्या. त्यांतला बराच भाग बंद दाराआड. अधिकारी आपल्या घरखर्चाचे हिशोब घेऊन आले : मुलांच्या शाळा, बायकोचं आजारपण, बोटीचं भाडं, उन्हाळ्यात डोंगरावर बिऱ्हाड हलवण्याचा खर्च. १९२४ च्या मार्चमध्ये अहवाल झाला. त्यातली एक बाजू आपल्याला हवीशी होती : आय. सी. एस. मध्ये भरती अशी करायची की पंधरा वर्षांत निम्मे हिंदी, निम्मे गोरे होतील. शिवाय स्वतंत्र लोकसेवा आयोग नेमायचा. तो १९२६ ला आला. आज राज्यसेवेची तयारी करणारी आपली पोरं ज्या व्यवस्थेची परीक्षा देतात तिचं एक मूळ इथं आहे.

दुसरी बाजू पैशाची. गोऱ्या अधिकाऱ्यांना मूळ पगारावर मिळणारा 'ओव्हरसीज पे', म्हणजे समुद्रापारचा भत्ता, रुपयाला दोन शिलिंग या दरानं घरी पाठवायची सोय. बाजारात रुपयाला सोळा ते अठरा पेनी मिळत होते, यांना चोवीस. नोकरीच्या काळात विलायतेला जाण्या-येण्याचे चार प्रवास सरकारी खर्चानं, बायकोसह. मुलांसाठी वेगळं भाडं. या सगळ्याचा वाढीव बोजा वर्षाला सुमारे एक कोटी रुपये.

आता त्याच काळातली दुसरी वही उघडू. १९२३ च्या मार्चमध्ये सरकारला तूट भरून काढायची होती. मिठावरचा कर मणाला एक रुपया चार आण्यांवरून अडीच रुपये करायचं ठरलं. मध्यवर्ती कायदेमंडळानं नकार दिला. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंगनं आपल्या खास अधिकारात तो लावला. दुप्पट. कायदेमंडळातले लोक काही सगळ्या रयतेनं निवडलेले नव्हते, मतदार मूठभर होते. पण रयतेच्या वतीनं जे थोडंफार विचारणं होतं, तेवढं तिथं होतं. त्याचं उत्तर 'नाही' आलं आणि ते बाजूला ठेवलं गेलं. एक वर्षानं कर पुन्हा उतरवला हे खरं. पण त्या वर्षभरात राहुरीच्या बाजारात मीठ घेणाऱ्या प्रत्येक बाईनं तो भरला. शेतकरी, मजूर, बलुतेदार, कुणीही सुटलं नाही. मिठाशिवाय भाकरी कुणाची होत नाही.

ली अहवालाचंही तेच झालं. १९२४ च्या सप्टेंबरमध्ये तो कायदेमंडळापुढं आला. मोतीलाल नेहरूंनी दुरुस्ती मांडली. आधी राज्यघटनेचा प्रश्न सोडवा, मग नोकरांच्या सवलतींचं बघू, असा एकंदर रोख. ज्या साक्षींच्या जोरावर हा खर्च मागता त्या साक्षी आम्हाला दाखवत का नाही, हाही सवाल होता. दुरुस्ती मंजूर झाली. म्हणजे बिल भरणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी 'नाही' म्हटलं. तरी सवलती लागू झाल्या. 'ली कन्सेशन्स' हा शब्द पुढं सरकारी बोलीत कायमचा झाला.

मंडळी, विचारण्याचे दोन प्रकार असतात. एकात उत्तराला वजन असतं. दुसऱ्यात विचारल्याची फक्त नोंद होते. साहेबाला पहिल्या प्रकारे विचारलं, कायदेमंडळाला दुसऱ्या प्रकारे. आणि देवळाली, वांबोरी, टाकळीमियाँच्या माणसाला कुठल्याच प्रकारे नाही.

पण आपण सगळं खापर साहेबावर फोडून मोकळे व्हायचं नाही. सरकारी नोकर फक्त कलेक्टर कचेरीत नव्हता. तो आपल्या गावातही होता. पाटील, कुलकर्णी आणि महार, ही सगळी गावकामगार वतनदार मंडळी १८७४ च्या मुंबई वतन कायद्याखाली यायची. यांत सगळ्यात खालचा नोकर महार वतनदार. त्याच्या नोकरीच्या अटी काय? सरकारी टपाल पोचवायचं, सारा गोळा होताना हाका मारायच्या, फिरतीवर आलेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवायची, मढ्याची वर्दी द्यायची. वेळ ठरलेली नाही, रात्र-दिवस नाही. वतनदार बाहेरगावी असेल तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. आणि पगार? थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून बलुत्याचं धान्य. तेही सरकार देणार नाही, गावानं द्यायचं. गाव रुसलं की बलुतं बंद.

साहेबाचा डेरा नगरहून हिवाळ्याच्या दौऱ्यावर निघायचा तेव्हा एकाच सरकारचे दोन नोकर समोरासमोर यायचे. एकाचा ज्येष्ठतेनंतरचा पगार महिन्याला दोन हजार रुपयांच्या वर, शिवाय समुद्रापारचा भत्ता. दुसऱ्याला सुगीला चार पायल्या, त्याही मागून घ्यायच्या. पहिल्याच्या अटींवर तीन-तीन कमिशनं बसली. दुसऱ्याच्या अटींवर एकही नाही.

त्याच्या वतीनं पहिल्यांदा कायदेमंडळात प्रश्न मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं. मागणं काय होतं? कामं ठरवून द्या. बलुत्याऐवजी रोख मोबदला द्या, आणि तो सरकारमार्फत द्या. ज्याला वतन नको असेल त्याला त्यातून मोकळं होता येऊ द्या. नीट बघा, ही मागणी कोणती आहे? ठरलेलं काम, ठरलेला पगार आणि न पटल्यास सन्मानानं बाहेर पडायची वाट. हेच तर १९१९ नंतर साहेबांना मिळालं होतं! विधेयक समितीकडे गेलं, घासाघीस झाली आणि पुढच्या वर्षी, १९२९ ला, ते मागं घ्यावं लागलं. साहेब नाराज झाला तर राज्याची चौकट खिळखिळी होईल ही भीती होती. महार वतनदार नाराज झाला तर काय होईल? काही नाही, अशी सरकारची आणि गावाचीही खात्री होती.

गावाचीही, असं मी मुद्दाम म्हणतो. कारण बलुतं द्यायचं की नाही, काम किती घ्यायचं, हे ठरवणारे आपले आजे-पणजे होते. लंडनच्या सरकारला रयतेला विचारावंसं वाटलं नाही, आणि रयतेला वेशीबाहेरच्या माणसाला विचारावंसं वाटलं नाही. साखळी अशी वरून खाली आली.

१९३१ ची मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. सरकारनं नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. पण भारतमंत्र्यांच्या संरक्षणाखालच्या अधिकाऱ्यांचा पगार कापायचा तर इथल्या सरकारला तो अधिकारच नव्हता! त्यासाठी लंडनच्या पार्लमेंटला १९३१ साली वेगळा कायदा करावा लागला. सारा मात्र सरकारी कचेरीच्या एका कागदावर वाढायचा. पार्लमेंटपर्यंत जायची गरज पडली नाही.

आता नगरच्या किल्ल्याकडं वळू. ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीचे पुढारी किल्ल्यात आणून कोंडले. त्यांत वल्लभभाई पटेल होते. जवळजवळ तीन वर्षं. त्यांच्यावर पहारा ठेवणारी यंत्रणा याच साहेबांची. सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार आलं आणि हाच कैदी गृहमंत्री झाला. ज्यांनी कोंडलं त्यांच्या नोकरीच्या अटी ठरवायच्या त्यानं!

इंग्रज जाणार हे नक्की झाल्यावर प्रश्न उभा राहिला : भारतमंत्र्यांबरोबर झालेल्या करारांचं काय? अधिकाऱ्यांना भरपाई हवी होती. पटेलांची भूमिका सरळ होती. ज्यांना राहायचं आहे त्यांनी आहे त्याच पगारावर, त्याच अटींवर राहावं, आमची ना नाही. ज्यांना जायचं आहे त्यांचं कमावलेलं पेन्शन आम्ही देऊ. पण जाण्याबद्दलची भरपाई हिंदुस्थाननं का द्यावी? ३० एप्रिल १९४७ ला योजना जाहीर झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांची भरपाई ब्रिटिश सरकारनं सोसायची. हिंदी अधिकाऱ्यांना, काही अपवाद सोडता, भरपाई नाही. त्यांची नोकरी चालूच राहणार. मग अधिकाऱ्याअधिकाऱ्याला विचारणा गेली : राहणार की जाणार? फाळणी ठरल्यावर हिंदी अधिकाऱ्यांना आणखी एक प्रश्न : भारत की पाकिस्तान? सेवेत तेव्हा सुमारे एक हजार माणसं. हजार माणसांना लेखी विचारलं. त्याच उन्हाळ्यात पंजाब आणि बंगालमधल्या कोट्यवधींच्या घरावरून रेघ ओढली गेली. घरातल्यांना 'तुम्ही कुठं राहणार?' असं विचारायला कागद आला नाही.

पेन्शनचा हिशोब १९४८ मध्ये मिटला. महायुद्धात इंग्लंडनं आपल्याकडून घेतलेल्या मालाचे पैसे लंडनला आपल्या नावावर साठले होते. त्यातूनच पेन्शनची सोय एकदम लावून दिली गेली. शेवटचा हप्ताही, म्हणजे, याच मातीतला.

आणि १० ऑक्टोबर १९४९ चा दिवस. घटना समितीत काही सभासद म्हणाले, या जुन्या आय. सी. एस. वाल्यांना घटनेत संरक्षण कशाला? पटेल उठले आणि कडक बोलले. शब्द दिला आहे, तो पाळायचा. ज्या हत्यारानं काम करायचं त्याच्याशी भांडत बसायचं नाही, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. ज्या सेवेच्या राज्यात किल्ल्याची हवा खाल्ली, तिच्याशी केलेला करार पाळण्यासाठी तो माणूस आपल्याच लोकांशी भांडला. कलम ३१४ घटनेत आलं. पुढं १९७२ च्या अठ्ठाविसाव्या दुरुस्तीनं ते काढून टाकलं. तेव्हा त्या सेवेत उरलेली माणसं थोडी होती, ओरडा झाला तो क्षीण.

मला पटेलांच्या भूमिकेचं महत्त्व यात वाटतं : नोकराशी केलेला करार मोडायचा नाही, त्याला विचारायचं, हे तत्त्व त्यांनी साहेबांकडून घेतलं. टाकून दिलं नाही. चांगलं होतं ते ठेवलं. राहिलेलं काम होतं ते खालपर्यंत न्यायचं. ते कितपत झालं?

स्वातंत्र्यानंतर गावची वतनं गेली. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतन संपलं, तलाठी आला. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली. १९६२ ला पाटीलकी संपली. बाबासाहेबांनी १९२८ ला मागितलेली मुक्तता मिळाली, पण ते १९५६ लाच गेले होते. महार वतनाच्या जमिनी ठरावीक रक्कम भरून परत दिल्या गेल्या, विकायला सरकारी परवानगीची अट घालून. रक्कम भरायची मुदत कित्येकांना कळलीच नाही. त्या जमिनींचे वाद तहसील कचेरीत आजही चालू आहेत, हे इथं बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. कायदा चांगल्या हेतूचा होता. पण ज्यांच्यासाठी केला त्यांच्या दारात जाऊन कुणी तो समजावून सांगितला नाही, की त्यांचं म्हणणं लिहून घेतलं नाही. ली कमिशननं साहेबाच्या पोराच्या शाळेच्या फीपर्यंत चौकशी केली होती, हे आठवा.

आणि आजचं काय? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनं पेन्शन बंद केलं गेलं. मार्च २०२३ मध्ये राज्यभर आठवडाभर संप झाला, तो यावरच. शाळा बंद, दवाखाने अर्धे बंद. कुणाची बाजू बरोबर, ते मी इथं ठरवत नाही. तिजोरीचाही प्रश्न खरा आहे, म्हातारपणाचाही खरा आहे. माझं म्हणणं एवढंच की संप झाल्यावर समिती बसते, हा क्रम १८७५ चा आहे. आधी दंगा, मग चौकशी. आणि कंत्राटावरचा सफाई कामगार, मानधनावरच्या अंगणवाडीताई, आशाताई, त्यांच्या अटी बदलतात तेव्हा त्यांच्या हातात फक्त आदेशाची प्रत पडते.

शंभर वर्षांच्या या कागदपत्रांतून मला एक कसोटी मिळते, ती तुमच्यापुढं ठेवतो. कुठल्याही सरकारचं, नगरपरिषदेचं, साखर कारखान्याचं किंवा शाळेच्या संस्थेचं वागणं तपासायचं असेल, तर तिथल्या सगळ्यात वरच्या माणसाला काय विचारलं जातं ते बघू नका. त्याला विचारतातच. सगळ्यात खालच्या माणसाची नोकरी बदलते, तेव्हा त्याला आधी सांगतात का, त्याचं ऐकतात का, आणि नाही पटलं तर त्याच्यासमोर कुठली वाट ठेवतात, ते बघा. शिवाय ज्यांच्या पैशातून हे सगळं चालतं त्यांना हिशोब दाखवतात का, तेही बघा. साहेबांच्या राज्यात पहिला प्रश्न एका वर्गापुरता सुटला होता, दुसरा कधीच सुटला नाही. आपल्या राज्यात दोन्ही सुटायला हवेत. मत देऊन आपण तेवढ्यासाठीच तर राज्य आपलं केलं.

पुढच्या महिन्यात नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत बसाल, तेव्हा एखाद्या ठरावावर 'सर्वानुमते' असं लिहिताना एकदा मान वर करून बघा : ज्याच्याबद्दल ठराव आहे तो माणूस खोलीत आहे का?